१८८ टनांचा उंदीर

(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आरती आणि जेवण यांच्यामधली वेळ मला दिली आहे. मसालेभात गार होता कामा नये, असं कार्यवाहांनी बजावलंय. तेव्हा थेट विषयाकडे येतो.

शेजारच्या टेबलावर जी मॉडेल्स मांडली आहेत, त्यात उजवीकडून तिसरं जे बोजड, ठोकळ्यासारखं धूड आहे, त्याचं नाव 'माउस'. जर्मन भाषेत माउस म्हणजे उंदीर. वजन १८८ टन. आपल्या बाप्पाला वाहून नेतो तो मूषक केवढासा! आणि या जर्मन मूषकाला स्वतःचंच ओझं वाहता येईना. गणेशोत्सवात रणगाडे कशाला, असं ज्यांच्या मनात आलं असेल त्यांच्यासाठी एवढा संबंध पुरे.

मी राज्य सरकारच्या नोकरीत, शिक्षण सिव्हिल डिप्लोमा, काम रस्ते आणि पुलांचं. सुट्टीच्या दिवशी प्लॅस्टिकच्या किटमधून रणगाडे जोडतो. त्यातही मला ओढ आहे ती प्रयोग म्हणून बनवलेल्या, अजस्र आणि बहुतेक करून फसलेल्या रणगाड्यांची. घरात याला 'पप्पांचं भंगार' म्हणतात. नाव चुकीचं नाही. यातले बरेचसे खरोखरच भंगारात गेले.

आधी छंदाबद्दल थोडं. दिवाळीत आपण अंगणात किल्ला करतो. इथे सुरतेत तीन-तीन पिढ्या झाल्या तरी आपल्या सोसायट्यांत किल्ला होतोच. गुजराती शेजारी विचारतात, 'आ शुं बनाव्युं?' आणि मुलं त्यांना शिवनेरी समजावून सांगतात. त्या किल्ल्यावरचा मावळा नेहमी दरवाज्यापेक्षा उंच असतो. महाराज तर बुरुजाहून मोठे. कोणालाच ते खटकत नाही. ज्याला खटकतं, तो पुढे या छंदाला लागतो. स्केल मॉडेल म्हणजे एवढंच: सगळं एका मापात. माझी बहुतेक मॉडेल्स एकास पस्तीस या प्रमाणात आहेत. खऱ्या वस्तूचे ३५ सेंटिमीटर म्हणजे इथला १ सेंटिमीटर. हा ३५ आकडा कुठून आला? जपानच्या तामिया कंपनीनं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचं, मोटारीवर चालणारं किट काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, म्हणून जो आकार धरला तो मोजल्यावर साधारण एकास पस्तीस निघाला. पुढे जगभर तेच प्रमाण रूढ झालं. आमच्या खात्यातही काही मापं अशीच रूढ झालेली आहेत, पण तो विषय आज नको.

किटच्या खोक्यात प्लॅस्टिकच्या चौकटी असतात, त्यांना स्प्रू म्हणतात. शेकडो सुटे भाग त्यांना चिकटलेले असतात. एकेक भाग निपरनं तोडायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, चिकटवायचा, फटी पुट्टीनं भरायच्या. रणगाड्याच्या पट्ट्याची एकेक कडी वेगळी असते. ती जोडताना माणसाची खरी परीक्षा होते. सुरतेत राहण्याचा एक फायदा सांगतो. या कामाला लागणारा उत्तम चिमटा आणि डोळ्याला लावायची आयग्लास जगात कुठे मिळत असेल तर ती महिधरपुऱ्यात आणि वराछ्यात. हिरेवाले वापरतात तीच मी वापरतो. तोटा म्हणजे पावसाळा: समुद्राकडच्या या दमट हवेत रंग वाळता वाळत नाही. एअरब्रश धरायला मी एका मूर्तिकाराच्या कारखान्यात शिकलो. गणपतीच्या गालावर जी गुलाबी छटा येते, ती हातात जेवढा संयम असेल तेवढीच चांगली येते. पोलादावरचा गंज दाखवायलाही तोच संयम लागतो.

आता मोठ्या रणगाड्यांकडे वळू. 'शत्रूपेक्षा जाड पत्रा, शत्रूपेक्षा मोठी तोफ' ही इच्छा रणगाड्याच्या जन्माइतकीच जुनी आहे. खरं तर त्याहूनही जुनी. विजापूरची मुलूख-मैदान तोफ आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ती ओतली गेली १५४९ साली, आपल्या नगरला. वजन ५५ टनांच्या आसपास मानतात. तिच्या जोडीची कडक बिजली नावाची तोफ नेताना भीमा नदीत बुडाली, असं परंपरेनं सांगतात. ही नदीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९१५ साली रशियात लेबेदेन्को नावाच्या माणसानं पुढे ९ मीटर व्यासाची दोन चाकं असलेलं यंत्र बांधलं. तीन मजली घराएवढी चाकं! चाचणीत त्याचं मागचं लहान चाक मऊ जमिनीत रुतलं, आणि ते धूड तिथेच राहिलं. १९२३ मध्ये भंगार. फ्रान्सनं पहिल्या महायुद्धासाठी ६९ टनांचा शार २-सी आखला. तयार होईपर्यंत युद्ध संपून तीन वर्षं झाली. दहा बांधले. १९४० मध्ये त्यांना रेल्वेवर चढवून मागे न्यायला निघाले, पुढचा मार्ग बंद झाला, आणि शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून फ्रेंचांनीच ते स्वतः उडवले. अमेरिकेचा टी-२८, सुमारे ८६ टन, दोनच बांधले. वजन पसरावं म्हणून त्याला दोनऐवजी चार पट्टे. बाहेरचे दोन सोडवायचे, एकमेकांना जोडायचे आणि मागून ओढत न्यायचे. त्यातला एक पुढे १९७४ मध्ये व्हर्जिनियातल्या फोर्ट बेल्व्हॉयरच्या झाडीत बेवारस सापडला. ८६ टनांची वस्तू विसरली जाऊ शकते, हे सरकारी नोकराला तरी पटायला हरकत नाही.

आता आपला उंदीर. १९४२ मध्ये हिटलरनं फर्डिनांड पोर्श यांच्याकडे हे काम दिलं. सुरुवातीचं टोपणनाव मॅमथ होतं, मग ते उंदरावर आलं. पोलादी सांगाडा क्रुप कारखान्याचा. पुढचा पत्रा २०० मिलिमीटर जाड, एक १२८ मिलिमीटरची तोफ आणि तिच्या शेजारी ७५ची दुसरी. तोफेसह लांबी १० मीटरच्या वर, रुंदी साधारण ३.७ मीटर. शंभराहून अधिक बांधायचे ठरलं होतं. १९४३च्या ऑक्टोबरात ते रद्द झालं, पण नमुन्यांचं काम चालूच राहिलं. मागणी रद्द आणि काम चालू! ब्योब्लिंगेनला चाचण्या १९४४च्या जानेवारीत, म्हणजे मागणी रद्द झाल्यानंतर, सुरू झाल्या. शेवटी दोन नमुने झाले. १९४५ मध्ये सोव्हिएत फौजा आल्या तेव्हा एक जर्मनांनीच स्फोटानं उडवलेला होता. त्याचा नुसता वरचा बुरूज ५५ टनांचा, म्हणजे आपली अख्खी मुलूख-मैदान. तो ओढून काढायला १८ टनी वर्गाच्या सहा ओढगाड्या एकापुढे एक जोडाव्या लागल्या. एकाचा बुरूज आणि दुसऱ्याचा सांगाडा जोडून केलेला माउस आज मॉस्कोजवळ कुबिंकाच्या संग्रहालयात उभा आहे.

मॉडेल करताना एक हिशेब मी कागदावर मांडला, तो सांगतो. टेबलावरचं मॉडेल २९ सेंटिमीटर लांब आहे. हे प्लॅस्टिकऐवजी खऱ्यासारखं पोलादाचं असतं, तर वजन किती झालं असतं? १८८ टनांना ३५ गुणिले ३५ गुणिले ३५ नं भागा. उत्तर येतं जेमतेम ४ किलो ४०० ग्रॅम. पिशवीत घालून बाजारातून आणावं एवढं. उलट दिशेनं गेलात की घोळ कळतो. माप दुप्पट करा, वजन आठपट होतं. पण पट्ट्याखालची जागा चौपटच वाढते. म्हणून रणगाडा मोठा करत गेलं की जमीन आधी कुरकुरते आणि मग पूल मोडतो.

इथे माझं रोजचं काम छंदाला येऊन भेटतं. तुम्ही तापीच्या पुलांवरून रोज जाता. आपलं शहर पुलांचं शहरच म्हणवतं. आपल्या देशात महत्त्वाच्या रस्त्यावरचा पूल आखताना इंडियन रोड्स काँग्रेसच्या संहितेप्रमाणे जे भार धरतात, त्यात एक काल्पनिक पट्ट्यांचं वाहन आहे. त्याला क्लास ए-ए म्हणतात. वजन ७० टन, प्रत्येक पट्टा जमिनीला ३.६ मीटर लांब आणि ०.८५ मीटर रुंद टेकतो. म्हणजे काय? रणगाडाच की! पुलाच्या हिशेबात तो कागदावर चालवून पाहिलेला असतो, आणि असे दोन रणगाडे एकामागून एक जाताना मध्ये ९० मीटर अंतर धरलेलं असतं. भाजीची पिशवी लटकवून तुम्ही स्कूटरवरून जाता तो पूल एका अदृश्य रणगाड्यासाठी मोजलेला असतो.

आता या वाहनाशेजारी माउस उभा करू. क्लास ए-ए जमिनीवर दर चौरस मीटरला साडेअकरा टनांच्या आसपास दाब देतं. माउसचे पट्टे चांगले १.१ मीटर रुंद आणि जमिनीला टेकलेले जवळपास ६ मीटर. दाब येतो साधारण साडेचौदा टन. फार फरक नाही! जमिनीपुरतं बोलायचं तर पोर्श यांनी हिशेब बऱ्यापैकी जमवला होता. पण पूल दाब मोजत बसत नाही, त्याच्या गर्डरवर येतो तो एकूण भार. ७० च्या जागी १८८. युरोपातले तेव्हाचे पूल तर यासाठी बांधलेलेच नव्हते. मग उपाय काय शोधला? नदीच्या तळातून चालत जायचं. वर हवेची नळी काढायची आणि दोन रणगाड्यांची जोडी करायची. माउसला वीज-मोटारींनी गती मिळत असे, इंजिन आत वीज तयार करी. म्हणून एकानं काठावर उभं राहून केबलनं वीज द्यायची, दुसऱ्यानं पाण्याखालून पलीकडे जायचं. मग पलीकडच्यानं वीज द्यायची आणि याला ओढून घ्यायचं. डोक्यानं केलेलं काम आहे, मी नाही म्हणत नाही. पण २००६ सालची तापी ज्यांनी पाहिली त्यांनी डोळ्यांसमोर आणून बघावं, नदी असल्या योजनांना किती जुमानते ते.

रुंदीचंही तसंच. जास्त रुंद करता आला असता तर वळायला सोपं गेलं असतं, पण रेल्वेनं न्यायचा म्हणजे रेल्वेच्या मापात बसायला हवा. त्याला वाहून न्यायला चौदा आसांची खास वाघिण बांधावी लागली. एक वस्तू केली की तिला उचलायला दुसरी, दुसरीला तिसरी. याच्या पुढची पायरी म्हणजे 'राट्टे', म्हणजे घूस. १,००० टन, ३५ मीटर लांब, वर युद्धनौकेच्या तोफा. ही घूस कागदावरच राहिली. १९४३ मध्ये श्पेअर या मंत्र्यानं ती थांबवली. एकास पस्तीसमध्ये केली तर मीटरभर होईल आणि आमच्या टू-बीएचकेमध्ये तिला नव्हे, मला जागा उरणार नाही. म्हणून टेबलावर जी आहे ती एकास एकशे चव्वेचाळीसची, वीतभर.

मागच्या खेपेला मी ही मॉडेल्स मांडली तेव्हा आपल्याच मंडळातल्या एका काकूंनी विचारलं होतं, "अरे, देवासमोर हे हिटलरचं कशाला मांडलंस?" मी तेव्हा हसून वेळ मारून नेली नाही आणि आजही नेणार नाही. प्रश्न बरोबर आहे. जगभर या छंदातले पुष्कळ लोक माउस असा मांडतात की जणू तो बर्लिन वाचवायला निघालाय; भोवती जळणारे शत्रूचे रणगाडे, वर ऐटीत उभा अधिकारी. असं काही घडलं नव्हतं. एकाही लढाईत त्यानं पराक्रम गाजवल्याची नोंद नाही. आणि त्याचं पोलाद ज्या क्रुपच्या कारखान्यांत घडलं, तिथे धरून आणलेली माणसं, छळछावण्यांतले कैदी राबत होते. त्यासाठी क्रुपच्या मालकाला १९४८ मध्ये न्यूरेम्बर्गला शिक्षा झाली, श्पेअरला त्याआधीच वीस वर्षांची. हे मॉडेलसमोरच्या पुठ्ठ्यावर मी लिहिलंय, वाचून घ्या. पत्रा २०० मिलिमीटर हे जेवढ्या ठळक अक्षरात आहे, तेवढ्याच ठळक अक्षरात तेही आहे.

देखावा काय करायचा, यावर माझे बरेच महिने गेले. शेवटी मी त्याला एका ओढ्याच्या काठी उभा केला. समोर दगडी कमानीचा छोटा पूल आहे. त्याचं ड्रॉइंग मी स्वतः काढलं, दगड एकेक कोरले, आणि प्रामाणिकपणे सांगतो, या सगळ्या देखाव्यात मला सर्वांत जास्त समाधान त्या पुलानं दिलं. रणगाडा थांबलाय. चालक खाली उतरून कमानीखाली डोकावून बघतोय. बस्स, एवढंच. माझा मुलगा म्हणतो, "पप्पा, यात काही घडतच नाही." काकू मात्र परवा बघून गेल्या, म्हणाल्या, "हं, हे चालेल."

खरे रणगाडे बघायचे असतील तर नगरला जा. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर. आपल्यातली निम्मी घरं वर्षातून एकदा शिर्डीला जातात. तिथून आणखी ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. १९९४ मध्ये तिथे लष्कराच्या चिलखती दलानं रणगाड्यांचं संग्रहालय उभं केलं. चर्चिल, माटिल्डा, व्हॅलेंटाइन, जपानी रणगाडे, १९६५ मध्ये पाकिस्तानकडून जिंकलेले पॅटन, आपला विजयंता, सगळे झाडांच्या सावलीत. १९७१च्या बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सच्या अरुण खेत्रपाल यांनी ज्या सेंच्युरियनमधून शेवटचा श्वास घेतला, तो 'फामागुस्ता' नावाचा रणगाडाही नगरलाच जतन केलेला आहे. वय एकवीस होतं त्यांचं. त्या रणगाड्यापुढे उभं राहिल्यावर टनांचे हिशेब आठवत नाहीत.

आणि नगरही लांब वाटत असेल तर आपलं हजीरा आहे. लोकांना माहीतच नसतं! तापी समुद्राला मिळते तिथे, एल अँड टीच्या कारखान्यात, के-९ वज्र तोफा तयार झाल्या. १५५ मिलिमीटरची, पट्ट्यांवर चालणारी तोफ, कोरियाच्या मूळ आराखड्यावरून. दिसायला रणगाड्यासारखी, पण काम तोफेचं. पहिल्या शंभर तोफांचं काम २०१७ मध्ये मिळालं आणि २०२१च्या फेब्रुवारीत पुरं झालं. नंतर त्याच हजीऱ्यात 'जोरावर' नावाचा प्रायोगिक रणगाडा आकाराला आला. जुलै २०२४ मध्ये डीआरडीओचे अध्यक्ष समीर कामत इथे येऊन त्याचा नमुना पाहून गेले. गंमत बघा, या प्रयोगात वजन वाढवायची धडपड नाही, कमी करायची आहे. जोरावर २५ टनांच्या घरात. कारण त्याला लडाखच्या उंचीवर चढायचं आहे, विमानातून न्यायचं आहे, डोंगरातल्या पुलांवरून जायचं आहे. हलक्या आणि चपळ फौजेचं महत्त्व मराठी माणसाला नव्यानं सांगायला नको. पण सुरतेत उभं राहून आपण ते फार मोठ्यानं सांगू नये, यजमानांना १६६४ अजून आठवतं.

हलक्याची सगळ्यात देखणी गोष्ट मात्र १९४८ची आहे. झोजिला, साडेअकरा हजार फूट. खिंड शत्रूच्या ताब्यात, आणि लेहचा रस्ता तिथूनच. जनरल थिमय्यांनी ठरवलं, रणगाडे वर न्यायचे. तोवर एवढ्या उंचीवर रणगाडे लढले नव्हते. ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट, वजन चौदा-पंधरा टन. त्यांचे बुरूज उतरवून, झाकून ते श्रीनगरकडे नेले. मद्रास सॅपर्सनी खेचरांच्या वाटेचा रणगाडा जाईल असा रस्ता केला. १ नोव्हेंबरला, बर्फ पडत असताना, राजिंदर सिंग 'स्पॅरो' यांचे रणगाडे खिंडीत शिरले आणि खिंड मोकळी झाली. स्पॅरो म्हणजे चिमणी. तिकडे १८८ टनांचा उंदीर, इकडे चिमणी. नावांचा हा योगायोग मला फार आवडतो. आणि सॅपर्सचं नाव या गोष्टीत नेहमी शेवटी येतं, हे रस्त्याच्या खात्यातला माणूस म्हणून मला खटकतं.

सध्या घरी तेच काम चालू आहे. बुरूज उतरवलेला स्टुअर्ट, वर ताडपत्री, आणि पुढे लाकडी पूल. ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर पातळ केलेल्या फेविकोलमध्ये भिजवून बघितला, तो जाड दिसतो. आपल्याकडे कापड बाजारातली इतकी माणसं बसली आहेत. एकास पस्तीसमध्ये ताडपत्री वाटेल असं, विणीचा धागा दिसणार नाही असं कापड कोणाच्या नमुन्यांत असेल तर वीतभर तुकडा द्या. आणि मुलांना शिकायचं असेल तर रविवारी सकाळी दहानंतर घरी पाठवा. निपर आणि पॉलिश पेपर मी देईन. फक्त टेबलावरच्या माउसच्या मागच्या बाजूला दोरखंडाची बारीक आकडी आहे, तिला आज कोणी हात लावू नका, सकाळीच चिकटवलीय.

कार्यवाह घड्याळ दाखवतायत. बसतो.